कीथ इमर्सनचं 'इन्फर्नो': दुर्लक्षित रेकॉर्डचं पुनर्मूल्यांकन करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

संशोधनाचा विषय शोधताना एक वाक्य आपल्या सगळ्यांनाच मोहात पाडतं: "या विषयाकडे आजवर कोणाचंही लक्ष गेलेलं नाही." सिनॉप्सिसमध्ये हे वाक्य आलं की विषयाची निवड आपोआप योग्य ठरली असं वाटायला लागतं. पण समितीतल्या एखाद्या सरांनी शांतपणे विचारलं, "नाही गेलं लक्ष, बरं. मग बिघडलं काय?" तर त्याला उत्तर द्यावं लागतं. जगात दुर्लक्षित गोष्टींना तोटा नाही. त्यातल्या बऱ्याचशा दुर्लक्षित राहिल्या म्हणून इतिहासाचं काही अडत नाही.

म्हणून 'पुनर्मूल्यांकन' हा शब्द आज एका उदाहरणावर तपासून बघू. उदाहरण लोकप्रिय संगीताच्या इतिहासातलं आहे: इंग्लिश कीबोर्डवादक कीथ इमर्सनने १९८० साली दारिओ अर्जेंतोच्या 'इन्फर्नो' या इटालियन भयपटासाठी केलेलं संगीत आणि त्याची रेकॉर्ड. तुमचा विषय मराठी रंगभूमीचा असो की सहकार चळवळीचा, पद्धतीचे प्रश्न तेच आहेत. संगीताची फारशी माहिती नसली तरी चालेल, लागेल तेवढी सांगतो.

आधी माणूस कोण, ते

प्रोग्रेसिव्ह रॉक हा १९६० च्या दशकाच्या शेवटी प्रामुख्याने इंग्लंडमध्ये वाढलेला प्रकार. तीन मिनिटांच्या गाण्याऐवजी वीस-वीस मिनिटांच्या रचना, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची उघड उसनवारी आणि गिटारच्या बरोबरीने, कधी तिच्याही पुढे, कीबोर्ड. इमर्सन (१९४४–२०१६) हा या प्रकारातला सगळ्यात ठळक कीबोर्डवादक म्हणता येईल. 'द नाइस' या बँडनंतर १९७० मध्ये ग्रेग लेक आणि कार्ल पामर यांच्याबरोबर त्याने 'इमर्सन, लेक अँड पामर' हा बँड काढला. मूग सिंथेसायझर रॉकच्या रंगमंचावर आणणाऱ्या पहिल्या काही जणांमध्ये त्याचं नाव येतं. मुसोर्गस्कीच्या 'पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन' या रचनेवर या बँडने १९७१ मध्ये पूर्ण अल्बम काढला. त्याच वर्षीची 'टार्कस' ही रचना वीस मिनिटांची, एका अल्बमची अख्खी बाजू व्यापणारी.

१९७७ च्या 'वर्क्स, व्हॉल्यूम १' या जोड-अल्बममध्ये प्रत्येकाला एक-एक बाजू मिळाली, तेव्हा इमर्सनने आपली बाजू स्वतःच्या पियानो कॉन्चेर्टोला दिली. वाद्यवृंद लंडन फिलहार्मोनिक, संचालक जॉन मेयर. मेयर मूळचे कलकत्त्याचे. मुंबईत मेहली मेहतांकडे व्हायोलिन शिकले आणि १९५२ मध्ये लंडनला गेले. 'इंडो-जॅझ फ्यूजन्स' हे नाव ऐकलं असेल तर ते हेच. इंग्लिश रॉकच्या इतिहासात मुंबईत शिकलेला माणूस असा मध्येच भेटतो. तळटिपा वाचायची सवय लावून घ्या म्हणतात ती यासाठीच.

त्याच वर्षी बँड सुमारे ७० वादकांचा वाद्यवृंद घेऊन दौऱ्यावर निघाला. खर्च झेपेना, काही कार्यक्रमांनंतर वाद्यवृंद सोडून द्यावा लागला. १९७८ मध्ये 'लव्ह बीच' आला. समीक्षकांनी तर त्याची टर उडवलीच, चाहत्यांनीही नाक मुरडलं. त्यानंतर बँड थांबला. 'इन्फर्नो' या टप्प्यावर येतं.

दुर्लक्ष कशामुळे झालं?

आता पहिला पद्धतीचा मुद्दा. दुर्लक्ष ही आपोआप होणारी गोष्ट नाही. त्याला कारणं असतात, ती शोधता येतात, आणि ती शोधणं हाच संशोधनाचा पहिला निम्मा भाग असतो. 'इन्फर्नो'च्या बाबतीत मला निदान चार कारणं दिसतात.

एक, चित्रपटाचं नशीब. 'इन्फर्नो' इटलीत फेब्रुवारी १९८० मध्ये लागला. निर्मितीत ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचा पैसा होता, पण अमेरिकेत त्यांनी तो नीट लावलाच नाही. तिथे तो मर्यादित स्वरूपात थिएटरात आला तो १९८६ मध्ये. जो चित्रपट कोणी पाहिलाच नाही त्याचं संगीत कोण शोधत बसणार?

दोन, तुलना. अर्जेंतोच्या आधीच्या 'सुस्पिरिया' (१९७७) चं संगीत 'गॉब्लिन' या इटालियन बँडचं होतं आणि ते गाजलं होतं. घुमणारी, कुजबुजणारी, अंगावर येणारी ती धून एकदा ऐकली की डोक्यातून जात नाही. 'इन्फर्नो' हा 'सुस्पिरिया'चाच पुढचा भाग, तीन 'मातां'च्या मालिकेतला दुसरा. साहजिकच प्रेक्षक गॉब्लिनची अपेक्षा घेऊन आला. अर्जेंतोला मात्र या वेळी वेगळं, जास्त नाजूक संगीत हवं होतं. पुढे १९८२ च्या 'तेनेब्रे'साठी तो गॉब्लिनच्याच वादकांकडे परतला. त्यामुळे इमर्सनचं काम दोन गाजलेल्या कामांच्या मध्ये सापडलेला अपवाद ठरलं.

तीन, काळाची चौकट. हे कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. प्रोग्रेसिव्ह रॉकचा रूढ इतिहास असा सांगितला जातो: साधारण १९६८-६९ ला उदय, १९७३ च्या आसपास शिखर, १९७७ ला पंक आलं आणि खेळ खलास. बिल मार्टिन यांच्या 'लिसनिंग टू द फ्यूचर' या १९९८ मधल्या अभ्यासाच्या उपशीर्षकातच '१९६८–१९७८' अशी वर्षं आहेत. पुस्तक या संगीताची बाजू घेणारं आहे, तरीही. काळाला अशी कुंपणं घालावी लागतात, त्याशिवाय पुस्तक लिहून होत नाही. पण मग १९८० मधली गोष्ट आपोआप कुंपणाबाहेर जाते. ती ऐकून, तपासून नाकारलेली नसते. तिची गणतीच झालेली नसते.

चार, विषयांच्या भिंती. रॉकचा इतिहास लिहिणाऱ्यांच्या लेखी हा चित्रपटाचा साउंडट्रॅक, म्हणजे पोटापाण्याचं काम. चित्रपटसंगीताच्या अभ्यासकांच्या लेखी हा रॉकवाला, म्हणजे पाहुणा. दोघांनीही ते दुसऱ्याचं घर समजून सोडून दिलं.

या चार कारणांतलं एकही कारण 'संगीत वाईट होतं' असं सांगत नाही. ते चांगलं होतं असंही सांगत नाही. एवढंच कळतं की दर्जाचा निवाडा अजून झालेलाच नाही. इथपर्यंत आलात की "लक्ष गेलेलं नाही" या वाक्याला वजन येतं.

अल्बम हा एक पुरावा, चित्रपट दुसरा

आपल्याकडे 'साउंडट्रॅक' म्हटलं की गाणी डोळ्यांसमोर येतात. पाश्चात्त्य चित्रपटात या शब्दाने बहुतेक वेळा पार्श्वसंगीत समजलं जातं. ते आधी प्रसंगासाठी लिहिलेलं असतं आणि मग निवडून, कापून, क्रम लावून रेकॉर्डवर घातलं जातं. म्हणजे आपल्या हातात दोन वेगळी साधनं येतात: चित्रपटात वाजणारं संगीत आणि रेकॉर्डवरचं संगीत. जुना मजकूर आणि त्याची नंतर छापलेली आवृत्ती यात जसा फरक करता, तसाच इथेही करायला हवा.

'इन्फर्नो'ची रेकॉर्ड सिनेव्हॉक्स या इटालियन कंपनीने काढली. बहुतेक तुकडे छोटे आहेत, आणि त्यांची नावं सरळ प्रसंगांवरून आहेत: रोझ तळघरात उतरते, रोममधली टॅक्सी, ग्रंथालय, कझानियनची तारांतेला. सलग ऐकायला बसलात तर सुरुवातीला अडखळायला होतं. एखादी चाल सुरू होते आणि वळण घेण्याआधीच संपते. 'टार्कस'च्या सवयीचा कान म्हणतो, हे अर्धवट आहे. त्यामुळे नुसती रेकॉर्ड ऐकून केलेली टीका समजण्यासारखी आहे. पण हाच अल्बम चित्रपटाशेजारी ठेवला की काय होतं, ते एका तुकड्यावर बघू.

टॅक्सीतला व्हेर्दी

त्या तुकड्याचं नाव 'टॅक्सी राइड (रोम)'. इटालियन संगीतकार जुझेप्पे व्हेर्दीच्या 'नाबुक्को' (१८४२) या ऑपेरात गुलाम झालेल्या ज्यूंचं एक समूहगान आहे, 'वा, पेन्सिएरो'. इटलीत ते जवळजवळ दुसरं राष्ट्रगीत मानलं जातं. मूळ चाल संथ, चार मात्रांत चालणारी, जड मनाने घराची आठवण काढणारी. इमर्सनने ती उचलली, वेग वाढवला आणि पाच मात्रांत बसवली. आपल्याकडे झपतालाची सवय असलेल्याला पाचाची मोजणी अवघड वाटणार नाही. पण चारात घट्ट बसलेली ओळखीची चाल पाचात आली की दर आवर्तनाला पायाखाली खड्डा आल्यासारखं होतं. रस्त्यावरून आदळत, हेलकावत जाणारी टॅक्सी त्या तालातच आहे.

नुसती रेकॉर्ड ऐकणारा म्हणेल, "झालं सुरू! शास्त्रीय चाल घ्यायची आणि रॉकमध्ये वाजवायची, हा याचा जुनाच खेळ." आणि ते खोटंही नाही. मुसोर्गस्की झाला, १९७३ च्या 'ब्रेन सॅलड सर्जरी'त अर्जेंटिनाचा खिनास्तेरा झाला, आता व्हेर्दी. पाच मात्रांची खोडही जुनीच. 'टार्कस'ची सुरुवात पाचातच आहे.

आता चित्रपट बघा. नायक मार्क हा रोममध्ये संगीतशास्त्र शिकणारा अमेरिकन विद्यार्थी. वर्गात 'वा, पेन्सिएरो' ऐकवलं जातंय आणि त्याच वेळी तो न्यूयॉर्कहून आलेलं बहिणीचं पत्र वाचू पाहतोय. ते पत्र त्याची वर्गमैत्रीण साराच्या हाती लागतं. ती पावसात टॅक्सी पकडून ग्रंथालयाकडे निघते, आणि तिथे इमर्सनचा पाच मात्रांतला व्हेर्दी वाजतो. ग्रंथालयात तिच्यावर हल्ला होतो, ती जीव वाचवून घरी येते आणि घाबरून एका शेजाऱ्याला सोबतीला बोलावते. घरात रेकॉर्ड लागलेली आहे: पुन्हा 'वा, पेन्सिएरो'. वीज जाते-येते, तसं गाणं तुटतं आणि पुन्हा सुरू होतं. त्या उजेड-अंधारात खून होतो.

म्हणजे चित्रपटात ही चाल तीनदा येते. आधी वर्गात, अभ्यासाचा नमुना म्हणून. मग टॅक्सीत, बिघडलेल्या तालात. शेवटी घरात, तुटत-तुटत. रेकॉर्डवर यातला फक्त मधला तुकडा आहे, कारण तेवढाच इमर्सनचा. अलीकडची आणि पलीकडची कडी काढून टाकल्यावर उरलेली कडी कसरतीसारखी दिसणारच. चित्रपटात तिला काम आहे: शांत, सुरक्षित वर्गातली गोष्ट भयाच्या बाजूला नेऊन सोडायचं.

हे इमर्सन आणि अर्जेंतोने ठरवून केलं की होता होता झालं? तुमच्या मनात हा प्रश्न येईल. माझा युक्तिवाद त्यावर उभा नाही. प्रेक्षकाच्या कानावर ती चाल या क्रमाने तीनदा पडते, एवढं चित्रपटातूनच सिद्ध होतं. हेतूबद्दल बोलायचं तर पत्रं, टिपणं, स्वरलेखनाची हस्तलिखितं लागतील. परिणामाबद्दल बोलायला कृती पुरते. आपण दोन्हींपैकी कशाबद्दल बोलतोय हे प्रबंधात प्रत्येक वेळी स्पष्ट हवं.

व्हेर्दीचा विषय निघालाच आहे तर एक धडा जाता जाता. 'नाबुक्को'च्या पहिल्या प्रयोगाला मिलानच्या प्रेक्षकांनी देशप्रेमाने भारावून 'वा, पेन्सिएरो'ला वन्समोअर दिला, अशी गोष्ट शंभरेक वर्षं पुस्तकांतून छापली जात होती. रॉजर पार्कर या अभ्यासकाने त्या वेळचे वृत्तान्त तपासले आणि दाखवलं की वन्समोअर मिळाला तो त्याच ऑपेरातल्या दुसऱ्या समूहगानाला. एकाने लिहिलं, दुसऱ्याने उतरवलं, तिसऱ्याने त्याचा आधार घेतला. 'प्रोग्रेसिव्ह रॉक १९७७ ला मेलं' या वाक्याचं काय झालं असेल, तेही असंच तपासून बघण्यासारखं आहे.

शिस्त कुणाची?

दुसरा मुद्दा लांबीचा. इमर्सनवर होणारा सगळ्यात जुना आरोप म्हणजे पाल्हाळ. थांबायचं कधी हे त्याला कळत नाही, असं विरोधक म्हणायचे, आणि खाजगीत काही चाहतेही. 'इन्फर्नो'त कधी थांबायचं हे प्रसंग ठरवतो. इतक्या सेकंदांत दार उघडलं पाहिजे, इतक्या सेकंदांत ती वळली पाहिजे. अल्बमवर जे तुकडे अर्धवट वाटतात ते तिथे नेमके बसलेले असतात. शीर्षक-संगीतातला पियानो ऐका. कॉन्चेर्टोमधलाच हात आहे, पण दाखवेगिरी कमी झाली आहे.

वाद्यवृंदाची बांधणी आणि संचालन गॉडफ्रे सामनचं. हाच माणूस १९७७ च्या त्या बुडीत दौऱ्यात वाद्यवृंदाचा संचालक होता. म्हणजे दौऱ्यात पैशाअभावी सुटलेला धागा तीन वर्षांनी चित्रपटाच्या बजेटवर पुन्हा धरला गेला. 'लव्ह बीचनंतर उतरण' या कथेत हे बसत नाही. 'रॉक आणि वाद्यवृंद एकत्र आणण्याचा प्रयत्न, आणि त्याला पैसा कुठून मिळाला' अशा कथेत मात्र नीट बसतं.

त्या काळाकडेही बघा. जॉर्जो मोरोडरला 'मिडनाइट एक्स्प्रेस'च्या सिंथेसायझर संगीतासाठी १९७९ मध्ये ऑस्कर मिळालं. 'चॅरियट्स ऑफ फायर'साठी १९८२ मध्ये व्हँगेलिसला. चित्रपटसंगीत सिंथेसायझरकडे झुकत असताना मूगसाठी ओळखला जाणारा माणूस भयपटात मुख्यतः पियानो आणि वाद्यवृंदावर भिस्त ठेवतो. निवड चुकीची होती असं कोणी म्हणू शकेल. पण ती निवड होती याची नोंद तरी व्हायला हवी.

विरुद्ध बाजूचं काय?

पुनर्मूल्यांकन म्हणजे वकिली असं समजलात तर पहिल्याच व्हायवात अडकाल. म्हणून हेही लिहितो. 'मातेर तेनेब्रारुम' या तुकड्यात लॅटिन गाणारा कोरस आणि रॉकचे ड्रम एकत्र येतात. जेरी गोल्डस्मिथला 'द ओमेन'च्या (१९७६) तशाच लॅटिन कोरससाठी ऑस्कर मिळालं होतं, आणि त्याची सावली इथे लपत नाही. काही ठिकाणी नाजूकपणा इतका होतो की भीती ओसरते. तिथे गॉब्लिनची आठवण काढणारा प्रेक्षक चुकत नाही. आणि घरी बसून सलग ऐकण्याची वस्तू म्हणून रेकॉर्ड शेवटपर्यंत तुकड्यातुकड्यांचीच राहते. जुन्या आक्षेपांपैकी हे तिन्ही माझ्या वाचनातही टिकतात. पुनर्मूल्यांकनात सगळे जुने आक्षेप पडले असतील तर आपण आक्षेप नीट वाचले नसावेत, असा संशय घ्यायला हरकत नाही.

मग बदललं काय?

'इन्फर्नो ही उत्कृष्ट रेकॉर्ड आहे' हा माझा निष्कर्ष नाही. निष्कर्ष असा: ती प्रोग्रेसिव्ह रॉकच्या मोजपट्टीने मोजली गेली, कारण इमर्सन त्या घरचा होता, आणि ती रेकॉर्ड म्हणून मोजली गेली, कारण चित्रपट कोणी पाहिलेला नव्हता. दोन्ही मोजपट्ट्या बदलल्या की टीकेचे मुख्य मुद्दे, म्हणजे तुकडे छोटे आहेत आणि व्हेर्दीशी खेळ केलाय, हेच कामाचे गुण ठरतात. आणि त्याहून मोठी गोष्ट: १९७७ ला संपलेला म्हणून सांगितला जाणारा प्रकार संपण्याऐवजी घर बदलताना दिसतो. रंगमंचावरून तो चित्रपटात जातो. इमर्सन पुढच्याच वर्षी 'नाइटहॉक्स' हा हॉलिवूडपट करतो. व्हँगेलिस स्वतः 'अ‍ॅफ्रोडाइट्स चाइल्ड' या बँडमधून आलेला असतो. गॉब्लिनची मुळंही याच संगीतात आहेत. एका दुर्लक्षित रेकॉर्डने एवढा प्रश्न उभा केला तर "मग बिघडलं काय?" याला उत्तर मिळतं. बिघडलं ते काळाच्या चौकटीचं.

आता तुमच्या विषयाकडे वळा. सिनॉप्सिसमध्ये 'दुर्लक्षित' हा शब्द जिथे जिथे आला असेल तिथे पेन्सिलीने खूण करा आणि शेजारी चार उत्तरं लिहा. दुर्लक्ष कोणी केलं? कशामुळे केलं? कोणत्या मोजपट्टीने ती गोष्ट मोजली गेली? आणि ती आत घेतल्यावर आधीच्या इतिहासातलं कुठलं वाक्य बदलावं लागेल? पहिल्या तीन प्रश्नांना ग्रंथालयात उत्तर मिळतं. चौथ्याला मिळालं नाही तर विषय अजून तयार झालेला नाही असं समजा आणि सिनॉप्सिस द्यायला आणखी महिनाभर थांबा.